वंशसंहार-अभ्यास

एखाद्या मानवसमूहाचा, तो तसा समूह आहे एवढ्याच कारणाने, जाणूनबुजून नाश करण्याच्या कृत्यांचा शोध घेणाऱ्या ज्ञानशाखेला वंशसंहार-अभ्यास असे म्हणतात. इतिहास, कायदा, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, मानसशास्त्र आणि न्यायवैद्यक या सगळ्यांची साधने ही शाखा वापरते. मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे आणि एखाद्या समूहाची प्रदेशातून सक्तीने केलेली हकालपट्टी हे सामूहिक अत्याचारांचे इतर प्रकारही आता तिच्या कक्षेत येतात. मराठीत नरसंहार, वंशविच्छेद आणि वंशसंहार हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. काटेकोरपणे पाहिल्यास नरसंहार म्हणजे कोणतीही मोठी कत्तल; वंशसंहारात मात्र मारला जाणारा माणूस त्याने काय केले म्हणून नव्हे, तर तो कोणत्या समूहात जन्मला म्हणून मारला जातो. ‘वंश’ या शब्दानेही थोडी दिशाभूल होते, कारण केवळ धर्मावरून ओळखला जाणारा समूहही या संकल्पनेत मोडतो.

‘जेनोसाइड’ ही मूळ संज्ञा राफाएल लेमकिन (१९००–१९५९) या पोलिश-ज्यू कायदेपंडिताने घडवली. समूहांचा नाश आणि त्यांच्या सांस्कृतिक ठेव्याचा विध्वंस हे दोन स्वतंत्र आंतरराष्ट्रीय गुन्हे मानावेत, असा प्रस्ताव त्याने १९३३ मध्ये माद्रिद येथील परिषदेसाठी तयार केला होता; त्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. ऑटोमन साम्राज्यातील आर्मेनियनांच्या १९१५ पासूनच्या संहाराने तो विद्यार्थिदशेतच अस्वस्थ झाला होता. पोलंडवर जर्मनीने आक्रमण केल्यावर तो निसटला आणि स्वीडनमार्गे १९४१ मध्ये अमेरिकेत पोहोचला. नाझींच्या ताब्यातील देशांत निघालेले कायदे आणि फर्माने गोळा करून त्याने १९४४ मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात ग्रीक ‘गेनोस’ (वंश, जमात) आणि लॅटिन ‘काएदेरे’ (मारणे) यांवरून बनवलेला हा शब्द प्रथम छापला गेला. लेमकिनच्या मनातील संकल्पना मात्र हत्येपुरती नव्हती. भाषा, शिक्षण, उपजीविका, अन्नवाटप आणि जन्मदर यांवर एकाच वेळी घाव घालून समूहाचे जगणेच अशक्य करणे हे सगळे त्याने तिच्यात धरले होते.

संयुक्त राष्ट्रांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी संमत केलेल्या करारात हा विस्तार बराच आकसला. राष्ट्रीय, वांशिक, मानववंशीय किंवा धार्मिक समूहाचा पूर्णतः वा अंशतः नाश करण्याच्या हेतूने केलेली पाच प्रकारची कृत्ये त्यात नमूद आहेत : समूहातील व्यक्तींना ठार मारणे, त्यांना गंभीर शारीरिक वा मानसिक इजा करणे, समूहाचा नाश व्हावा अशी जीवनस्थिती लादणे, जन्म रोखणे आणि मुले सक्तीने दुसऱ्या समूहाकडे सोपवणे. सांस्कृतिक संहाराचे कलम वाटाघाटींत गळाले आणि राजकीय समूहही वगळले गेले. हा करार १२ जानेवारी १९५१ पासून अमलात आला. कंबोडियात १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीत सुमारे १७ लाख लोक मेले; त्यांतील बहुसंख्य स्वतः ख्मेरच, म्हणजे मारणाऱ्यांच्याच समूहातले, असल्याने कराराची व्याख्या तेथे लावताना अभ्यासक आणि न्यायाधीश दोघेही अडखळले. बार्बरा हार्फ यांनी राजकीय कारणांवरून होणाऱ्या समूहसंहारासाठी वेगळी संज्ञा रूढ केली ती याच उणिवेमुळे.

ज्ञानशाखा म्हणून वंशसंहार-अभ्यासाची बांधणी उशिरा झाली. करारानंतरची जवळजवळ तीन दशके या विषयावर तुरळकच लेखन झाले. हेलन फाइन, लिओ कूपर, वाहाकन दादरियान आदींचे तुलनात्मक लेखन १९७० च्या दशकापासून पुढे आले आणि १९९४ नंतर, म्हणजे रुआंडातील तुत्सींच्या आणि बोस्नियातील मुस्लिमांच्या संहाराच्या धक्क्यानंतर, अभ्यासकांची संघटना, नियतकालिके आणि विद्यापीठीय अभ्यासक्रम उभे राहिले. पुढे वसाहतवादाच्या अभ्यासकांनी जुनी चौकट हलवली. आजच्या नामिबियात जर्मन फौजांनी १९०४ ते १९०८ दरम्यान केलेला हेरेरो आणि नामा लोकांचा संहार, तसेच ऑस्ट्रेलिया व अमेरिका येथील मूळ रहिवाशांचा नाश हे प्रश्न त्यामुळे परिघावरून मध्यभागी आले.

व्याख्येवरच्या वादाने या शाखेची बरीच शक्ती खाल्ली आहे. तिचे सर्वांत भक्कम काम मात्र नावाचा प्रश्न बाजूला ठेवून ‘हे नेमके कसे घडले’ असे विचारणाऱ्यांनी केले. राऊल हिलबर्ग यांनी १९६१ मध्ये युरोपीय ज्यूंच्या संहाराचा अभ्यास जर्मन नोकरशाहीच्या कागदपत्रांतून मांडला. आधी ज्यू कोण हे कायद्याने ठरवणे, मग मालमत्ता काढून घेणे, मग एका ठिकाणी गोळा करणे आणि शेवटी मारणे, असे टप्पे त्यांनी दाखवले. प्रत्येक टप्प्यावरचा कारकून आपले नेहमीचेच काम करत होता. मृत्युछावण्यांकडे नेल्या जाणाऱ्या माणसांचे भाडे जर्मन रेल्वे तिसऱ्या वर्गाच्या, फक्त जाण्याच्या दराने लावत असे. दहा वर्षांखालील मुलांना अर्धे तिकीट होते, चार वर्षांखालील मुले फुकट जात आणि चारशे किंवा त्याहून अधिक माणसे असल्यास गटाची सवलत मिळे. हिलबर्ग यांच्या पद्धतीचे बळ अशा दरपत्रकांत आहे. त्यांच्यापुढे द्वेषाविषयीची सर्वसाधारण विधाने फिकी पडतात.

मारणाऱ्यांविषयीच्या संशोधनाला ख्रिस्तोफर ब्राउनिंग यांच्या १९९२ मधील अभ्यासाने वळण दिले. हांबुर्गहून आलेल्या, बहुतांशी मध्यमवयीन राखीव पोलिसांच्या एका तुकडीने १३ जुलै १९४२ रोजी पोलंडमधील युझेफुव गावी सुमारे १५०० ज्यूंना गोळ्या घातल्या. कामाला लागण्यापूर्वी तुकडीप्रमुखाने, ज्यांना हे झेपणार नाही त्या वयस्कांनी बाजूला व्हावे, अशी मुभा दिली होती. जवळपास ५०० पैकी डझनभरच पुढे आले, आणि त्यांना कोणतीही शिक्षा झाली नाही. ब्राउनिंग यांनी सोबत्यांचा दबाव, आज्ञापालन आणि कामाची वाटणी यांवर भर दिला, तर डॅनियल गोल्डहागेन यांनी १९९६ मध्ये त्याच पुराव्यातून जर्मन समाजात मुरलेला ज्यूद्वेष हेच कारण काढले. या तुकडीच्या एकाच चौकशीच्या कागदांवरून दोघे इतके दूर गेले, ही बाब नवख्या अभ्यासकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. ब्राउनिंग यांच्यापुढे २१० पोलिसांचे जबाब होते. योगायोगाने स्कॉट स्ट्रॉस यांनीही रुआंडाच्या तुरुंगांत २१० दोषींच्या मुलाखती घेतल्या. त्यांना भेटलेले बहुतेक जण साधे शेतकरी होते आणि अनेकांचे तुत्सी शेजारी वा नातलगही होते. राष्ट्राध्यक्षांचे विमान ६ एप्रिल १९९४ रोजी पाडले गेल्यानंतरची युद्धाची भीती आणि आपल्याच हुतू (रुआंडातील बहुसंख्य समाज) लोकांकडून आलेली सक्ती ही कारणे त्यांच्या बोलण्यात पूर्वीच्या द्वेषापेक्षा जास्त वेळा आली. दोषी माणूस स्वतःविषयी कितपत खरे बोलतो, हा आक्षेप अशा संशोधनावर कायम राहतो.

न्यायालये हेतूचा पुरावा मागतात आणि तो क्वचितच लेखी सापडतो. रुआंडासाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २ सप्टेंबर १९९८ रोजी ज्याँ-पॉल अकायेसू या माजी नगरप्रमुखाला दोषी ठरवले. आंतरराष्ट्रीय न्यायपीठाकडून वंशसंहाराबद्दल झालेली ही पहिली दोषसिद्धी होती, आणि बलात्कार हेही समूहनाशाचे साधन ठरू शकते, हे तिने मान्य केले. बोस्नियाने सर्बियाविरुद्ध केलेल्या दाव्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००७ मध्ये बोस्नियातील स्रेब्रेनिच्या येथील एकट्या कत्तलीलाच वंशसंहार ठरवले आणि सर्बियाने तो रोखण्याचे कर्तव्य पाळले नाही, असा निर्णय दिला.

राजकीय दबाव या शाखेला नवा नाही. तेल अवीव येथे १९८२ मध्ये भरलेल्या वंशसंहारविषयक परिषदेतून आर्मेनियनांविषयीची सत्रे वगळावीत, यासाठी तुर्कस्तानने इस्रायल सरकारमार्फत जोर लावला. काही निमंत्रित गळाले, परंतु परिषद झाली. वंशसंहाराची पूर्वसूचना देण्याच्या प्रयत्नांत हार्फ यांनी २००३ मध्ये मांडलेले प्रारूप विशेष चर्चिले जाते. राजकीय उलथापालथ, पूर्वी घडलेला संहार, एका गटाला वगळणारी सत्ताधाऱ्यांची विचारप्रणाली आणि हुकूमशाही यांसारख्या घटकांवरून ते धोका मोजते. धोका कुठे आहे हे त्यावरून बरेचसे कळते, केव्हा हे फारसे कळत नाही.

मृतांची मोजदाद हे स्वतंत्र शास्त्रच बनले आहे. ग्वातेमाला या मध्य अमेरिकी देशात यादवी युद्धातील बळींच्या वेगवेगळ्या संस्थांनी नोंदवलेल्या याद्या एकमेकींशी ताडून, किती नावे दोन्हींकडे येतात यावरून न नोंदलेल्यांचा अंदाज काढण्यात आला. तेथील सत्यशोधन आयोगाने १९९९ मध्ये ठार झालेल्या आणि बेपत्ता झालेल्यांची संख्या दोन लाखांहून अधिक सांगितली. स्रेब्रेनिच्यात जुलै १९९५ मध्ये सुमारे ८००० पुरुष आणि मुलगे मारले गेले. गुन्हा लपवण्यासाठी काही महिन्यांनी यंत्रांनी कबरी उकरून अवशेष दुसरीकडे हलवले गेले. त्यामुळे एकाच माणसाची हाडे दोन-तीन, कधी त्याहून अधिक खड्ड्यांत विखुरलेली सापडली, आणि माती, परागकण व काडतुसांच्या पुंगळ्या जुळवून कोणता खड्डा कोणत्या मूळ कबरीतून भरला हे शोधावे लागले. रक्ताच्या नात्यातील माणसांचे नमुने घेऊन डीएनएने ओळख पटल्यावर प्रयोगशाळेचे काम संपते. सापडले तेवढेच दफन करायचे की उरलेले मिळेपर्यंत थांबायचे, हे मग कुटुंबाने ठरवायचे असते.