पडद्यावर एक आवाज, तबकडीवर दुसरा

१९५१ साली एमजीएम या हॉलिवूड स्टुडिओचा 'शो बोट' पाहून आलेल्या कुणी लगोलग त्याची रेकॉर्ड विकत घेतली असेल, तर घरी सुई टेकवल्यावर तो चक्रावला असणार. पडद्यावर एव्हा गार्डनरच्या तोंडी जो आवाज होता, तो अ‍ॅनेट वॉरेनचा. रेकॉर्डवर मात्र खुद्द एव्हा गात होती. गाणी तीच, गाणारी वेगळी. हॉलिवूडच्या जुन्या संगीतपटांच्या नव्या-नव्या आवृत्त्या जमवणाऱ्यांचं सगळं वेड या एका फटीतून सुरू होतं. थिएटरात वाजलं ते आणि दुकानात विकलं गेलं ते कित्येकदा एक नव्हतंच.

मुळात सिनेमाच्या ध्वनिपट्टीवरून थेट रेकॉर्ड काढायची पद्धतच नव्हती. व्हिक्टर कंपनीने जानेवारी १९३८ मध्ये 'स्नो व्हाइट'ची गाणी ७८ आरपीएमच्या तीन तबकड्यांत आणली, ती या प्रकारातली पहिली. तरी पुढची काही वर्षं जुनाच रिवाज चालला: कलाकाराला रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत बोलवायचं आणि गाणं नव्याने गाऊन घ्यायचं. 'द विझर्ड ऑफ ऑझ' (१९३९) मधलं 'ओव्हर द रेनबो' लोकांनी वर्षानुवर्षं घरी ऐकलं ते डेका कंपनीसाठी ज्यूडी गार्लंडने वेगळं गायलेलं. सिनेमातलं मूळ ध्वनिमुद्रण एलपीवर, म्हणजे जास्त वेळ वाजणाऱ्या तबकडीवर, आलं १९५६ मध्ये, सिनेमा टीव्हीवर पहिल्यांदा दाखवला गेला तेव्हा.

एमजीएमने १९४६ मध्ये स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली आणि पुढच्या वर्षी 'टिल द क्लाउड्स रोल बाय'ची गाणी थेट ध्वनिपट्टीवरून चार तबकड्यांत विकली. पण दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावतात. सात-आठ मिनिटांचा नाच असेल तर कात्री लागायचीच. हीच कापलेली रूपं पुढे एलपीवर चढली आणि तेच मूळ अशी लोकांची समजूत झाली.

पण स्टुडिओच्या आत भलतंच काही साठत होतं. एमजीएममध्ये गाणं आधी ध्वनिमुद्रित होई आणि कलाकार सेटवर त्यावर ओठ हलवत. मुद्रणाच्या वेळी एकाहून जास्त माइक लावलेले असत. एक गायकासमोर, एक तंतुवाद्यांकडे, एक पितळी वाद्यांकडे, आणि प्रत्येकाचा आवाज वेगळ्या फिल्मवर उमटे. तिथल्या भाषेत याला 'अँगल' म्हणत. स्टिरिओ, म्हणजे डावीकडून-उजवीकडून वेगवेगळा आवाज, हा त्यामागचा हेतू नव्हताच. सिनेमा मोनोच असायचा, फक्त मिसळताना गायक वर, व्हायोलिन खाली असं करता यावं एवढ्यासाठी हा खटाटोप. पुढे हे सगळं पाव इंची मॅग्नेटिक टेपवर उतरवून घेतलं गेलं. याच सोयीच्या जोरावर पन्नास वर्षांनी कुणीतरी दोन-तीन अँगल एकमेकांशी जुळवले, आणि १९४४च्या 'मीट मी इन सेंट लुइस'मधलं 'ट्रॉली साँग' चक्क स्टिरिओत वाजलं. मोनोची सवय झालेल्या कानाला ते आधी खोटंच वाटतं.

१९७०च्या सुमारास स्टुडिओची आर्थिक अवस्था नाजूक होती. मे १९७० मध्ये कपडे, सामान, अगदी 'ऑझ'मध्ये ज्यूडीने साकारलेल्या डोरोथीचे लाल बूटसुद्धा लिलावात निघाले. बुटांना १५,००० डॉलर आले. वाद्यवृंदाच्या लिखित संगीताला तेवढंही नशीब लाभलं नाही. ते कागद खड्डे भरायला गेले. टेप वाचल्या. १९७४च्या 'दॅट्स एंटरटेनमेंट!'ने जुन्या संगीतपटांची हवा पुन्हा तयार केली खरी, पण तिजोरीचं दार उघडलं ते टीव्ही-उद्योगपती टेड टर्नरने १९८६ मध्ये एमजीएम विकत घेतल्यावर. स्टुडिओचा बाकीचा बराच भाग त्याने लगेच विकला आणि जुने सिनेमे ठेवून घेतले. नव्वदीत टर्नर आणि ऱ्हायनो या रेकॉर्ड कंपनीने मिळून या सिनेमांच्या संगीताच्या सीडींची मालिका सुरू केली. ऱ्हायनोचा जन्म लॉस एंजेलिसमधल्या एका रेकॉर्डच्या दुकानातला, त्यामुळे गिऱ्हाइकाला कशाची भूक आहे हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. सीडीवर सत्तरेक मिनिटं मावत होती, म्हणजे कात्री लावायचं कारणच संपलं.

१९९५चा 'ऑझ'चा दोन सीडींचा संच हा माझ्या मते या सगळ्या उद्योगाचा कळस. टिनमॅनसाठी, म्हणजे पत्र्याच्या माणसाच्या भूमिकेसाठी, आधी बडी एब्सन निवडला होता. अ‍ॅल्युमिनियमच्या भुकटीचा मेकअप त्याच्या फुप्फुसांत गेला, तो इस्पितळात पोचला आणि भूमिका जॅक हेलीला मिळाली. एब्सनने गायलेलं टिनमॅनचं गाणं या संचात आहे. गंमत म्हणजे समूहगीतात त्याचा आवाज सिनेमात तसाच राहून गेलाय: हेली बोस्टनचा, तो 'र' गिळतो, पण 'वी आर ऑफ टू सी द विझर्ड'मध्ये एक ठसठशीत 'र' ऐकू येतो, तो एब्सनचा. शिवाय सिनेमातून गाळलेलं 'जिटरबग' आहे. त्याचं चित्रीकरण गेलं, ध्वनी उरला. आणि 'ओव्हर द रेनबो'चं दुसरं रूप: चेटकिणीच्या किल्ल्यात कोंडलेली डोरोथी गाता गाता हुंदके देऊ लागते. तो तुकडा का कापला, हे ऐकलं की लगेच कळतं. मुलं थिएटरातून रडत बाहेर पडली असती.

ज्यूडीचीच आणखी एक गोष्ट. 'अ‍ॅनी गेट युअर गन'ची गाणी तिने १९४९ मध्ये मुद्रित केली, मग तिला सिनेमातून काढलं आणि बेटी हटन आली. ज्यूडीची गाणी संग्राहकांमध्ये चोरट्या रेकॉर्डांवरून फिरत राहिली. २००० साली ऱ्हायनोने एकाच सीडीवर दोघींना आणून बसवलं.

या आवृत्त्यांनी श्रेयाचा हिशेबही बराच चुकता केला. इंडिया अ‍ॅडम्सने 'द बँड वॅगन'मध्ये सिड शरीससाठी गायलेलं 'टू-फेस्ड वुमन' हे गाणं गाळलं गेलं, आणि तेच मुद्रण त्याच वर्षीच्या 'टॉर्च साँग'मध्ये जोन क्रॉफर्डच्या तोंडी बसवलं. इंडियाचं नाव पडद्यावर नाही. आपण याला हसू नये. 'महल'च्या 'आयेगा आनेवाला'च्या रेकॉर्डवर गायिका म्हणून 'कामिनी' छापलं होतं, म्हणजे मधुबालाच्या पात्राचं नाव. गात होत्या लता मंगेशकर.

अशा काही आवृत्त्यांवरचा 'फक्त तीन हजार प्रती' हा शिक्का बघून अनेकांना ती विक्रीची युक्ती वाटते. थोडी असेलही. पण चित्रपटसंगीताच्या छोट्या लेबलांपुढे खरा प्रश्न मानधनाचा होता. जुनं मुद्रण नव्या माध्यमात विकायचं तर वादकांच्या संघटनेला पैसे द्यावे लागतात, आणि छोट्या आवृत्तीला दर सवलतीचा. आकडा तिथून आला. हल्लीच्या रंगीत व्हायनलच्या (तबकड्यांच्या) आवृत्त्यांत मात्र पुष्कळदा जुनीच दहा-बारा गाणी नव्या वेष्टनात असतात. २०२३च्या 'द साउंड ऑफ म्युझिक'च्या मोठ्या संचासारखे, चाळीसहून जास्त अप्रकाशित तुकडे देणारे अपवाद थोडे.

खड्ड्यात गेलेल्या त्या कागदांचं काय? इंग्रज संगीतसंचालक जॉन विल्सनच्या हाती फक्त पियानोच्या आटोपशीर प्रती होत्या. मग त्याने ध्वनिपट्ट्या पुन्हा पुन्हा ऐकून एकेका वाद्याची ओळ कानाने टिपली. ऑगस्ट २००९ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याचा वाद्यवृंद बसला तेव्हा वादकांपुढे तेच कागद होते, नव्याने लिहिलेले.