ग्रीन डेवरून जुने पंकवाले अजून का भांडतात

ग्रीन डे या अमेरिकन पंक रॉक बँडचा विषय निघाला की जुन्या फॅन्समध्ये लगेच दोन गट पडतात, एक म्हणतो आम्ही यांना फेमस व्हायच्या आधीपासून ऐकतोय आणि दुसरा गप्प बसतो कारण त्याने त्यांना पहिल्यांदा टीव्हीवर पाहिलेलं असतं. ही खुन्नस १९९३ पासूनची आहे.

पंक जिथे सुरू झालं ते सत्तरच्या दशकातलं न्यूयॉर्क-लंडन सगळ्यांना माहितीये, ते सोडून देऊ. मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी करार केला म्हणून शिव्या खायची पद्धतही तेव्हाचीच. १९७७ मध्ये लंडनच्या क्लॅश या पंक बँडने करार केला तेव्हा ‘पंक मेला’ म्हणून झालं होतं, आणि आज तेच लोक क्लॅशच्या रेकॉर्ड्स जिवापाड जपतात.

खरा मामला कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचा. गिलमन स्ट्रीटवर ३१ डिसेंबर १९८६ ला एक क्लब सुरू झाला. सगळं काम पोरंपोरी फुकटात करायची. दारू नाही, ड्रग्ज नाहीत, मारामारी नाही, वर्णद्वेष चालणार नाही, आणि मुख्य म्हणजे वयाची अट नाही. तिकडे एकवीस पूर्ण झाल्याशिवाय बारमध्ये घेत नाहीत, मग सतरा वर्षांच्या पोरांनी वाजवायचं कुठे आणि ऐकायचं कुठे? ग्रीन डे तिथेच वाढले. आणि याच क्लबचा अजून एक नियम होता, मोठ्या कंपनीच्या बँडला इथे स्टेज मिळणार नाही.

१९९३ मध्ये ग्रीन डेने मोठ्या कंपनीशी करार केला आणि दार बंद झालं. इथे जरा थांबायला पाहिजे, कारण लोक म्हणतात पोरं फेमस झाली म्हणून हाकलली. तसं नाहीये! त्यांचा ‘डूकी’ हा अल्बम बाजारात आला फेब्रुवारी १९९४ मध्ये, म्हणजे बंदी आली तेव्हा त्यातली एक कॉपीसुद्धा विकली गेली नव्हती. नियम सहीला होता, प्रसिद्धीला नाही. त्याच १९९४ मध्ये ऑफस्प्रिंग या दुसऱ्या पंक बँडचा ‘स्मॅश’ हा अल्बम छोट्या लेबलवर, म्हणजे छोट्या रेकॉर्ड कंपनीकडून आला, जगभरात एक कोटीच्या वर खपला, एमटीव्हीवर दिवसरात्र वाजला, आणि नियमाच्या अक्षरानुसार तो बँड शुद्धच! (तेही १९९६ मध्ये मोठ्या कंपनीकडे गेले ते सोडा.) क्लबवाल्यांची बाजू अगदीच खोटी नव्हती, मोठ्या कंपन्या तेव्हा गल्लीतला प्रत्येक बँड उचलायला फिरत होत्या आणि कुठेतरी रेघ ओढावीच लागते. पण रेघ चुकीच्या जागी ओढली असं मला तरी वाटतं. आपल्याच घरात वाढलेल्या पोरांना बाहेर काढून तिथला पंक सीन वाचला का, तर नाही, ‘डूकी’ने अमेरिकेत १९९९ पर्यंत एक कोटी पार केले आणि सगळं जग त्या गल्लीत डोकावून गेलंच.

बँडलाही ते लागलं होतं. १९९५ च्या अल्बममध्ये ‘८६’ नावाचं गाणं आहे, ते हाकलून दिलेल्या माणसाचंच गाणं आहे.

नंतरचं पटापट. २००४ च्या ‘अमेरिकन इडियट’ अल्बमने नवीन पिढी आणली, तिला हे भांडण माहितीच नाही. एप्रिल २०१५ मध्ये बँड क्लीव्हलँडच्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये गेला आणि पुढच्याच महिन्यात त्याच गिलमनच्या स्टेजवर वाजवला, आगीत नुकसान झालेल्यांना मदत म्हणून. २०२४ मध्ये स्टेडियममध्ये १९९४ आणि २००४ चे दोन्ही अल्बम अख्खे वाजवले.

जुन्या गटाचा हुकमी एक्का म्हणजे ‘वेलकम टू पॅराडाइज’. हे गाणं दोनदा रेकॉर्ड झालंय, आधी छोट्या लेबलवर आणि मग ‘डूकी’साठी. पहिलं जास्त कच्चं आहे, ड्रम्स पातळ वाजतात, आणि म्हणून तेच खरं असं हे लोक शपथेवर सांगतात. मलाही पहिलंच आवडतं. पण रॉयल्टी थकली म्हणून २००५ मध्ये बँडने त्या जुन्या रेकॉर्ड्स छोट्या लेबलकडून काढून घेतल्या, आणि पुढे त्या अमेरिकेत परत काढल्या त्या १९९३ च्या करारातल्याच मोठ्या कंपनीने.