फूड पॉइझनिंग: घरी कसं ओळखायचं आणि काय करायचं

जंतू, व्हायरस किंवा त्यांचं विष असलेलं अन्न पोटात गेलं की जो आजार होतो तो फूड पॉइझनिंग. मळमळ, उलट्या, जुलाब, पोटात मुरडा, कधी ताप. असं काही झालं की सगळे शेवटच्या जेवणावर खापर फोडतात, पण ते दरवेळी खरं नसतं. स्टॅफिलोकोकस या जंतूच्या विषाने अर्ध्या ते 8 तासांत उलट्या सुरू होतात, साल्मोनेला या जंतूला मात्र 6 तासांपासून 6 दिवसांपर्यंत कितीही वेळ लागतो आणि कॅम्पायलोबॅक्टर या जंतूला साधारण 2 ते 5 दिवस, म्हणजे आजच्या जुलाबाचं मूळ परवाच्या ताटातही असू शकतं. अन्न खराब आहे हे वासावरून कळेल म्हणावं तर तसंही नाही. परत उकळलं की झालं हा तर सगळ्यात चिवट गैरसमज, कारण जंतू मरतात पण स्टॅफिलोकोकसचं किंवा बाहेर राहिलेल्या भातातल्या बॅसिलस सेरियस या जंतूचं विष उकळूनही टिकतं.

बहुतेक जण दोन-तीन दिवसांत आपोआप बरे होतात, खरा धोका अंगातलं पाणी कमी होण्याचा. म्हणून ओआरएस (साखर-मिठाचं पाणी). पाकीट नसेल तर 1 लिटर स्वच्छ पाण्यात 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ (छोटा चमचा, आणि मीठ अंदाजाने नको, जास्त झालं तर लहान मुलांना घातक ठरतं). उलटी झाल्यावर 10 मिनिटं थांबून घोट घोट द्यायचं, ग्लासभर एकदम दिलं की परत बाहेर येतं. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध बंद करू नका. जुलाब थांबवायची गोळी ताप किंवा शौचात रक्त असताना घेऊ नये, लहान मुलांना तर मनाने देऊच नये, आणि मागची उरलेली अँटिबायोटिक्स पण नको.

शौचात रक्त, 102 फॅरनहाइटच्या वर ताप, पाणीही न टिकणं, लघवी फार कमी होणं, उभं राहिल्यावर चक्कर, 3 दिवसांपेक्षा जास्त जुलाब, यातलं काहीही दिसलं की डॉक्टर. तान्ही बाळं, म्हातारी माणसं, गरोदर बायका यांच्या बाबतीत इतकी वाटही बघू नये. दोन दोन दिसणं, पापण्या जड होणं, गिळता न येणं ही बॉट्युलिझमची (जंतूच्या विषाने स्नायू लुळे पडण्याचा गंभीर आजार) लक्षणं असू शकतात, तेव्हा सरळ हॉस्पिटल गाठायचं.

आजारी माणसाने बरं वाटल्यावरही 48 तास दुसऱ्यांसाठी स्वयंपाक करू नये, आणि हात साबणानेच धुवावेत, उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर फारसा चालत नाही.