आरसेटीचे मूल्यमापन

ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे बोलीत 'आरसेटी'त, शिकून गेलेल्यांच्या मिळकतीत खरोखर काय फरक पडला हे तपासणे. या संस्थेचा मूळ नमुना कर्नाटकात धर्मस्थळाजवळच्या उजिरे येथे १९८२ साली उभा राहिला. धर्मस्थळाचा न्यास, सिंडिकेट बँक आणि कॅनरा बँक हे त्याचे संस्थापक. केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने २००९ पासून 'जिल्ह्याला एक' या हिशेबाने तो देशभर नेला. संस्था चालवते ती बहुधा जिल्ह्याची अग्रणी बँक, म्हणजे जिल्ह्यातल्या बँकांच्या समन्वयाचे काम सोपवलेली बँक. ठाण्यात हा मान बँक ऑफ महाराष्ट्रकडे आहे. प्रशिक्षण मोफत आणि निवासी असते: शिलाई, शेळीपालन, मोबाइल दुरुस्ती वगैरे. पुढे दोन वर्षे पाठपुरावा अपेक्षित असतो.

हजेरीपट आणि प्रमाणपत्रे मोजायला वेळ लागत नाही, म्हणून अहवालात तीच आधी येतात. खरा निकष 'सेटलमेंट'चा, म्हणजे किती जण कामधंद्याला लागले याचा. बँकेचे कर्ज काढून, स्वतःच्या पैशाने किंवा पगारी नोकरीत, कसेही लागले तरी ते यात धरले जाते. गोम इथेच आहे.

पालघर १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाल्यावर ठाणे जिल्ह्यात सात तालुके उरले. त्यांत शहापूर आणि मुरबाड अजून बऱ्यापैकी ग्रामीण आहेत, पण शहराची ओढ तिथेही आहेच. आसनगावची मुलगी शिलाई शिकली आणि भिवंडीच्या गोदामात पॅकिंगला लागली, तर कागदावर ती 'सेटल' झाली. मशीन मात्र घरात झाकून ठेवलेले. हे श्रेय प्रशिक्षणाचे की गोदामांचे? उत्तर हवे तर त्याच गावातल्या, अर्ज करूनही प्रवेश न मिळालेल्या मुलींची कमाई शेजारी मांडावी लागते. एवढा खटाटोप क्वचितच होतो.

भेटीचा महिनाही आकडा फिरवतो. भाताची कापणी उरकली की कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मार्चमध्ये पाड्यावर गेलेल्या तपासनिसाला कुलपेच दिसतात. अशी घरे अपयशी धरली तर टक्का घसरतो. यादीतून गाळली तर तोच टक्का वर चढतो.