पाळीव पालींची खुरटी वाढ

पाळीव पालीचे पिल्लू वयाच्या मानाने वजनात व लांबीत सतत मागे राहणे. हा स्वतंत्र रोग नसून लक्षण आहे. पाळणारे ‘पिल्लू बाळसे धरत नाही’ किंवा ‘खाल्लेले अंगी लागत नाही’ असे म्हणतात; पैकी दुसरा शब्दप्रयोग वैद्यकीय दृष्ट्या अधिक नेमका आहे, कारण न खाणारे पिल्लू आणि खाऊनही न वाढणारे पिल्लू यांची कारणे वेगळी असतात. प्रस्तुत नोंद मुख्यतः लेपर्ड गेको (यूब्लेफॅरिस मॅक्युलॅरियस) या जातीविषयी आहे. प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड ब्लाइथ यांनी १८५४ मध्ये तिचे वर्णन केले.

अंड्यातून निघालेले पिल्लू सु. ३ ग्रॅ. वजनाचे व ८ सेंमी.च्या आसपास लांबीचे असते. प्रौढाचे वजन साधारणतः ४५ ते ८० ग्रॅ. भरते आणि बहुतेक वाढ पहिल्या वर्ष-दीड वर्षात होते. ही वाढ सरळ रेषेत होत नाही. कात टाकण्याच्या सुमारास पिल्लू एक-दोन दिवस तोंड फिरवते; शेपूट तुटली असल्यास नवी शेपूट येईपर्यंत अंगाची वाढ रेंगाळते. स्वयंपाकघरातील काटा ग्रॅमच्या टप्प्याने वजन दाखवतो आणि ३ ग्रॅ.च्या जिवात एक ग्रॅम म्हणजे एक तृतीयांश वजन. म्हणून सोने तोलतात तसला खिशातील लहान काटा घेऊन आठवड्यातून एकदा, खाणे देण्यापूर्वी, झाकणाच्या डबीत ठेवून तोलणे बरे. आकड्याइतकीच शेपूटही पाहावी, कारण या पालीचा चरबीचा साठा तिथे असतो. वजन कमी पण शेपूट मानेइतकी जाड, असे पिल्लू मुळातच लहान चणीचे असू शकते. शेपूट उदबत्तीच्या काडीसारखी आणि कमरेची हाडे वर आलेली असतील, तर थांबण्यात अर्थ नाही.

नाशिकमध्ये पहिला संशय थंडीवर घ्यावा. डिसेंबर-जानेवारीत शहराचे किमान तापमान कित्येक रात्री १०° से.च्या खाली उतरते. निफाडजवळच्या कुंदेवाडी येथील गहू संशोधन केंद्रावर तर पारा आणखी खाली गेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात त्याच रात्री खोलीतील काचेची टाकीही गार पडते. लेपर्ड गेको पोटाखालच्या उबेवर अन्न पचवते. तिला टाकीच्या एका बाजूस ३१° ते ३३° से. तापलेला तळ आणि दुसऱ्या बाजूस २४° ते २६° से. इतकी गार जागा लागते. ऊब नसेल तर गिळलेले किडे पचत नाहीत, भूक मरते, क्वचित अर्धवट पचलेले अन्न बाहेर येते. हीटिंग मॅट थर्मोस्टॅटला जोडलेली हवी आणि तापमान तळाशीच मोजावे; काचेवर चिकटवलेला गोल तापमापक हवेचे तापमान सांगतो, पालीच्या पोटाखालचे नाही. पॅसिफिक महासागरातील न्यू कॅलेडोनिया बेटांवरील क्रेस्टेड गेको या दुसऱ्या पाळीव पालीचे गणित उलटे आहे. तिला २२° ते २६° से. मानवते, म्हणून ती एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात मागे पडते. शिवाय तिची वाढ मुळातच सावकाश असते.

आहारातील चुका सर्वपरिचित आहेत. नुसते मीलवर्म (एका भुंग्याच्या अळ्या), कॅल्शियम व ड-३ जीवनसत्त्वाची पूड न लावलेले रातकिडे, एका टाकीत दोन पिल्ले ठेवल्याने धाकट्याच्या तोंडचा जाणारा घास, ही नेहमीची कारणे. कॅल्शियम कमी पडल्यास मुडदुसासारखा हाडांचा विकार होतो. जबडा मऊ पडला की पिल्लाला किडा चावताच येत नाही. द्राक्षाच्या मळ्यांतून पकडलेले किडे फवारणीमुळे देऊ नयेत.

अंड्यातील उबेचा प्रश्न अधिक वादाचा आहे. या जातीत पिल्लाचे लिंग उबवणीच्या तापमानावर ठरते : सु. २६° से.ला बहुतेक माद्या, ३२° ते ३३° से.ला बहुतेक नर. त्याहून अधिक उष्णतेस पुन्हा माद्याच निघतात, हे नंतर स्पष्ट झाले. तूझिन्यां व क्रूझ यांच्या १९९५ मधील अभ्यासानुसार उबवणीचे तापमान व लिंग या दोहोंचा वाढीवर परिणाम होतो. ‘मादी आहे, सावकाशच वाढणार’ हे विक्रेत्यांचे म्हणणे याच मताचे सैल रूप असावे. मात्र त्याने प्रौढांच्या आकारातील फरक समजतो. सहा महिन्यांचे पिल्लू ८ ग्रॅ.वर अडकल्याचे स्पष्टीकरण त्यातून मिळत नाही.

खाऊनही वाळत जाणाऱ्या पिल्लात क्रिप्टोस्पोरिडियम या एकपेशीय परजीवीचा विचार करावा लागतो. त्याच्या नावाबाबत ग्रंथांत घोळ आहे. १९९५ मध्ये एका हिरव्या घोरपडीतून क्रि. व्हरॅनाय ही जाती वर्णिली गेली. १९९८ मध्ये सरड्यांच्या वर्गातूनच क्रि. सॉरोफायलम हे नाव आले. २००८ मध्ये दोन्ही एकच असल्याचे मांडण्यात आले. अग्रक्रमाच्या नियमाने पहिले नाव ग्राह्य धरणे योग्य वाटते; जुन्या पुस्तकांतील सॉरोफायलम म्हणजे तेच समजावे. सापांतील क्रि. सर्पेंटिस मात्र वेगळी असून ती जठरात राहते, तर व्हरॅनाय मुख्यतः आतड्यात. त्यामुळे पालीत सापाप्रमाणे पोटावर गाठ दिसण्यापेक्षा पातळ विष्ठा व झिजलेली शेपूट ही लक्षणे दिसतात. परजीवीच्या पुटिका (संसर्ग पसरवणाऱ्या कवचबंद अवस्था) विष्ठेतून सतत पडत नाहीत. एक तपासणी निर्दोष आली म्हणून निश्चिंत होता येत नाही. खात्रीचा उपाय नाही. पॅरोमोमायसिन या प्रतिजैविकाने जोर ओसरतो, संसर्ग बहुधा उरतो. साध्या ब्लीचने पुटिका मरत नसल्याने आजारी पिल्लाचा चिमटा व पाण्याची वाटी वेगळी ठेवतात आणि त्याची टाकी सर्वांत शेवटी साफ करतात. विष्ठेत दिसणारे सूत्रकृमी त्या मानाने निरुपद्रवी असतात; थोडे आढळल्यास लगेच जंतनाशक देण्याची घाई नको.

महाराष्ट्र व गुजरातेत लेपर्ड गेकोच्याच प्रजातीतील (जीनसमधील) यू. फस्कस ही जाती रानात आढळते. बर्नर यांच्या मूळ वर्णनाचे वर्ष काही लेखक १९७४, तर काही १९८१ देतात. ती लेपर्ड गेकोपेक्षा मोठी होत असल्याने वरील वजने तिला लावू नयेत. रानातील पिल्लू उचलून आणू नये. परदेशी जाती पाळण्याच्या नियमांसाठी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील २०२२ ची दुरुस्ती पाहावी.