कोळंबी हवी, नाकतोडा नको

पुण्याच्या गणेश पेठेतल्या मासळी बाजारात कोळंबी घेणारा माणूस ती ताजी आहे का ते बघतो, भावाची घासाघीस करतो आणि घरी आल्यावर तिच्या पाठीला चीर देऊन काळा दोरा ओढून काढतो. हा दोरा म्हणजे तिचं आतडं. हे माहीत असूनही कुणाची भूक मरत नाही. त्याच माणसापुढे कुरकुरीत तळलेला नाकतोडा ठेवा, तो ताट सोडून उठेल. प्राणिशास्त्राला विचाराल तर दोघंही संधिपाद: सांध्यांचे पाय, अंगावर कवच. कीटकांचा वंश कवचधारी प्राण्यांमधूनच फुटला, असं आता मानलं जातं. ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन दोघांतही असतं, म्हणून ज्यांना कोळंबीची ॲलर्जी आहे त्यांना कीटकही बाधू शकतात. युरोपीय संघाने २०२१ मध्ये मीलवर्म, म्हणजे एका भुंगेऱ्याच्या अळ्या, वाळवून खाद्य म्हणून विकायला परवानगी दिली, तेव्हा पाकिटावर तसा इशारा छापायलाही सांगितलं.

खाण्याजोगं नाही म्हणून आपण खात नाही, हे उत्तर इथेच अडतं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या २०१३ च्या अहवालाप्रमाणे सुमारे २ अब्ज लोकांच्या आहारात कीटक आहेत आणि खाल्ल्या जाणाऱ्या जाती १,९०० हून जास्त. बस्तरच्या आठवडी बाजारात लाल मुंग्या पानाच्या द्रोणात विकायला असतात, त्यांची आंबट-तिखट चटणी होते. ओडिशातल्या मयूरभंजच्या अशाच चटणीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

मग अडतं कुठे? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी आयुष्यभर याच प्रश्नाचा पाठपुरावा केला. नावडणं वेगळं आणि किळस वेगळी, हा त्यांचा मुख्य मुद्दा. कारलं न आवडणाऱ्याच्या आमटीत कारल्याची फोड आली तर तो ती बाजूला काढतो आणि जेवतो. आमटीत झुरळ पडलं तर पातेलंच ओततात. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रोझिन आणि सहकाऱ्यांनी निर्जंतुक केलेलं मेलेलं झुरळ फळांच्या रसात बुडवून काढलं. त्यात जंतू नाहीत हे लोकांना सांगितलेलं होतं. तरी तो रस नकोसा झाला. चव तीच होती, बदलली होती ती फक्त त्या रसाबद्दलची माहिती.

याला ते संसर्गाचा नियम म्हणतात: एकदा लागलं की लागलं. पुणेकराला हा नियम शिकवायची गरज नाही. पेठांमधल्या कितीतरी घरांत अंड्याचा तवा वेगळा असतो. ऑम्लेट गॅलरीतल्या स्टोव्हवर होतं, तवा घासूनपुसून माळ्यावर जातो, आणि कितीही लख्ख घासला तरी त्यावर पोळी पडत नाही. रसायनशास्त्राच्या दृष्टीने तो तवा स्वच्छ असतो. मनाच्या दृष्टीने नसतो.

किळसेच्या यादीत वनस्पती कमी आणि प्राणी जास्त, हेही सगळ्या जगभर दिसतं. त्याला कारण आहे. विषारी वनस्पती बऱ्याचदा कडू लागते, जीभच तिला थुंकून टाकते. मांसातले जंतू आणि जंतांची अंडी मात्र चवीला कळत नाहीत. जिथे जीभ फसते तिथे आधीच सावध करणारी यंत्रणा लागते, आणि ती गरजेपेक्षा जास्त सावध असली तरी जिवाला परवडते. पण कोणत्या प्राण्याची किळस वाटायची हे जन्मतः ठरलेलं नसतं. रांगतं मूल मुंगी, माती, चप्पल काहीही तोंडात घालतं. रोझिन यांच्याच दुसऱ्या प्रयोगात अगदी लहान मुलांपुढे कुत्र्याच्या विष्ठेसारखा दिसणारा पदार्थ ठेवला (होता पीनट बटर आणि चीजचा), तर बऱ्याच मुलांनी तो खाल्ला. पुढे आई नाक मुरडून ‘शी!’ म्हणते आणि यादी तयार होत जाते. २००३ मधल्या मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसलं की स्वतःला घाण वास आला किंवा दुसऱ्याच्या चेहऱ्यावर किळस दिसली, तरी इन्शुला या भागातली तीच जागा जागी होते. आईचं तोंड वाकडं झालं की मुलालाही जवळजवळ तो वास येतो म्हणा ना.

खाणाऱ्यांमध्येही रेघा असतातच. मटणाच्या दुकानात उभं राहून ऐका: “चाप द्या, थोडी कलेजी टाका, वजडी नको.” बोकड एकच. मुंडी बघून तर अट्टल मटणखाऊही मान फिरवतात. ऑस्लो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये अख्खं भाजलेलं डुक्कर डोक्यासकट आणि डोकं काढून अशा दोन छायाचित्रांत दाखवलं. डोकं असलेलं पाहणाऱ्यांना कीवही जास्त आली, किळसही जास्त आली. चेहरा दिसला की तो माल राहत नाही, जनावर होतं.

या भावनेची एक वाईट खोड म्हणजे ती ताटावरून खाणाऱ्यावर उतरते. रक्ती (शिजवलेलं रक्त) आणि चान्यांवर (वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या) पोट भरणाऱ्या माणसांना गावाने त्याच खाण्यावरून हिणवलं. आज पुण्यात घर शोधणाऱ्या ईशान्येकडच्या विद्यार्थ्याला आंबवलेल्या मासळीच्या वासावरून नकार मिळतो, तेव्हा घरमालकाला तो स्वच्छतेचाच प्रश्न वाटत असतो.

गंमत अशी की न दिसणारं आपण निमूट खातो. कितीतरी चॉकलेटच्या गोळ्यांची आणि औषधांची चकाकी लाखेची असते, म्हणजे एका किड्याच्या स्रावाची. पंचामृतातला मध मधमाशीच्या पोटात जाऊन परत तोंडावाटे आलेला असतो.

हे बदलू शकतं का? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत चांगल्या मांसाचा तुटवडा होता, म्हणून मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी गृहिणींना हृदय, गुर्दे यांसारखे अवयव शिजवायला लावण्याचा प्रयत्न केला. काही गटांना पोषणावर उत्तम व्याख्यान दिलं. त्यातल्या ३ टक्के बायकांनी ते घरी केलं. पुण्यासारख्या व्याख्यानप्रिय शहराला हा आकडा पचायला जडच. बाकीच्या गटांत व्याख्यान नव्हतं. बायकांनी आपसात चर्चा केली, नवरा काय म्हणेल, वास कसा घालवायचा ते बोलून घेतलं, आणि शेवटी येत्या आठवड्यात कोण करून बघणार, यावर हात वर केले. त्यांच्यातल्या ३२ टक्के जणींनी ते शिजवलं.