चार्जर हजार वॉटचा, सप्लाय कितीचा?

फवारणीचे ड्रोन, मोठी आरसी (रिमोटने उडणारी) विमाने आणि रेसिंग गाड्या यांच्या लिथियम-पॉलिमर बॅटऱ्यांसाठी आता हजार वॉटचे दोन आउटपुटांचे चार्जर सहज मिळतात. त्यांतल्या बऱ्याच चार्जरांना घरातल्या सॉकेटमध्ये लावायची पिन नसते. त्यांना १० ते ३० व्होल्ट डीसी लागते आणि ती पुरवणारा पॉवर सप्लाय आपणच निवडायचा असतो. चार्जर खोक्यावर लिहिल्याप्रमाणे चालणार की निम्म्यावर अडणार, हे या निवडीवर ठरते. वॉट सगळेच पाहतात, पण इनपुटला किती अँपिअर लागतील हे फार थोडे लोक काढतात. खरी अडचण तिथेच येते.

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. १० लिटरच्या फवारणी ड्रोनच्या ६ सेलच्या, १६,००० एमएएचच्या दोन बॅटऱ्या एकदम चार्ज करायच्या आहेत. चार्जिंग १सी, म्हणजे बॅटरीच्या क्षमतेइतक्या करंटने: १६,००० एमएएच म्हणजे १६ अँपिअर-तास, म्हणून प्रत्येकी १६ अँपिअरने. बॅटरीवर २२.२ व्होल्ट छापलेले असतात आणि बहुतेकजण तोच आकडा धरून गणित करतात. पण चार्जरवर सर्वाधिक भार येतो तो प्रत्येक सेल ४.२ व्होल्टला पोचतो तेव्हा, म्हणजे बॅटरी २५.२ व्होल्टवर असताना. हिशेब त्यावरच करायचा: २५.२ गुणिले १६ म्हणजे एका बॅटरीला सुमारे ४०३ वॉट, दोघींना ८०६. चार्जरची कार्यक्षमता ८८ टक्के धरली, तर इनपुटला ९१६ वॉट लागतील. २२.२ व्होल्ट धरून काढलेला आकडा यापेक्षा शंभराहून अधिक वॉटांनी कमी भरतो. तेवढ्यावर घेतलेला सप्लाय चार्जिंग सुरू झाल्यावर व्यवस्थित चालतो आणि बॅटरी भरत आली की बंद पडतो. दोष मात्र चार्जरला दिला जातो.

हे ९१६ वॉट १२ व्होल्टवर घ्यायचे तर ७६ अँपिअर लागतात, २४ व्होल्टवर ३८. यापुढच्या जवळजवळ प्रत्येक निर्णयाचे मूळ या दोन आकड्यांत आहे.

पहिली गोष्ट चार्जरची स्वतःची मर्यादा. त्याच्या माहितीपत्रकात इनपुट करंटची कमाल मर्यादा दिलेली असते. ती ४० अँपिअर असेल, तर १२ व्होल्टवर तो ४८० वॉटच आत घेऊ शकतो आणि बॅटरीकडे जेमतेम ४२० वॉट जातात. हजार वॉटचा चार्जर घेऊनही एका वेळी एकच बॅटरी पूर्ण वेगाने चार्ज होते. शिवाय १२ व्होल्टवरून २५ व्होल्ट करताना चार्जरमधल्या कॉइल आणि मॉस्फेटांवर (करंट चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरांवर) जास्त करंटचा भार पडतो, ते अधिक तापतात आणि पंखा सतत जोरात फिरत राहतो. म्हणून ६ सेलच्या मोठ्या बॅटऱ्यांसाठी २४ व्होल्टचाच सप्लाय घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. फक्त आधी चार्जरची इनपुट व्होल्टेजची मर्यादा वाचून घ्या. लहान चार्जर बहुधा १८ व्होल्टच्या पुढे जात नाहीत आणि २४ लावले की तिथल्या तिथे जळतात.

दुसरी गोष्ट केबल. ६ चौरस मिलिमीटरच्या लवचिक तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण ३.३ मिलिओहम असतो. सप्लायपासून चार्जर एक मीटरवर असला, तरी जाणारी आणि येणारी मिळून तार दोन मीटर भरते, म्हणजे ६.६ मिलिओहम. ३८ अँपिअरला त्यात पाव व्होल्ट आणि साडेनऊ वॉट जातात. ७६ अँपिअरला अर्धा व्होल्ट आणि ३८ वॉट. करंट दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते. कनेक्टरमध्येही हेच घडते. एक्सटी-६० या नेहमीच्या कनेक्टरच्या नावातला ६० अँपिअरचा आकडा थोड्या वेळापुरता असतो. तासभर सलग चालवायचा तर तो ३० अँपिअरपुरताच समजावा. ३८ अँपिअरसाठी एक्सटी-९० घ्या.

सप्लायच्या स्क्रू टर्मिनलवर तार लावताना एक चूक सर्रास होते. तारेच्या सुट्या धाग्यांना सोल्डर लावून, टोक टणक करून ते स्क्रूखाली आवळले जाते. सोल्डर मऊ असते. दाबाखाली आणि उष्णतेत ते हळूहळू पसरते, स्क्रू सैल होतो, तिथला रोध वाढतो, जागा आणखी तापते आणि शेवटी टर्मिनलचे प्लास्टिक काळे पडते. तारेच्या टोकाला तांब्याचा लग (स्क्रूखाली बसणारी कडी) पकडीने दाबून, म्हणजे क्रिंप करून लावला की हा प्रश्न उरत नाही. सप्लायला धन बाजूची दोन-तीन टर्मिनले दिलेली असतील, तर ती सगळी वापरून करंट वाटून घ्या.

आता सप्लाय कोणता? मीनवेल या कंपनीचा आरएसपी-१०००-२४ हा २४ व्होल्ट, ४० अँपिअर देतो. कागदावर आपले ३८ त्यात बसतात, पण शिल्लक काहीच राहत नाही. दोन मार्ग आहेत. एक, ६३ अँपिअरचा आरएसपी-१५००-२४ घेणे. दुसरा स्वस्त आहे आणि अनेकांना पुरेसाही: चार्जरमध्ये इनपुट करंटची मर्यादा ३४ अँपिअर ठेवायची आणि बॅटऱ्या १६ ऐवजी १४ अँपिअरने चार्ज करायच्या. वेळ दहा मिनिटांच्या आसपास वाढतो. कोणताही सप्लाय त्याच्या क्षमतेच्या ८० ते ८५ टक्क्यांवर चालवला तर तो टिकतो. मीनवेलच्याच एलआरएस-३५०-२४ सारखे १४.६ अँपिअरचे सप्लाय बरेच स्वस्त पडतात, पण त्यातून आपल्या उदाहरणातली एकही बॅटरी १सी ने चार्ज होत नाही. ११-१२ अँपिअरवर समाधान मानावे लागते. त्यावर ११५ आणि २३० व्होल्टचे छोटे स्विचही असते. ते ११५ वर राहिले आणि आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये लावले, तर आतले भाग क्षणात फुटतात. प्लग लावण्याआधी ते स्विच डोळ्यांनी पाहाच.

लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यातल्या तपकीर गल्लीत मिळणाऱ्या विनाब्रँडच्या सप्लायच्या जाळीदार डब्यांवर छापलेला अँपिअरचा आकडा सलग भारासाठी गृहीत धरू नका. एलईडी पट्ट्यांना ते चालतात, तासभर पूर्ण भाराला नाही.

जुन्या सर्व्हरमधून काढलेले १२ व्होल्टचे सप्लाय किमतीच्या मानाने उत्तम असतात: आवाज जास्त, पण व्होल्टेज स्थिर. ते चालू करायला ठरावीक पिना जोडाव्या लागतात आणि त्या प्रत्येक मॉडेलला वेगळ्या असतात. २४ व्होल्टसाठी असे दोन सप्लाय सिरीजमध्ये जोडायचा मोह होतो. इथे खरा धोका आहे. बहुतेक सर्व्हर सप्लायमध्ये डीसीचे ऋण टोक धातूच्या पेटीला आणि पेटी अर्थिंगला जोडलेली असते. सिरीजमध्ये वरच्या सप्लायचे ऋण टोक खालच्याच्या धन टोकाला जोडले, की ते दोन्ही पेट्या आणि अर्थिंगच्या तारेतून खालच्याच्या ऋण टोकाशी भिडते आणि खालचा सप्लाय शॉर्ट होतो. त्यावर काहीजण प्लगची अर्थिंगची पिनच काढून टाकतात. हे कधीही करू नका. आत दोष निर्माण झाला तर पेटीवर २३० व्होल्ट येतात आणि हात लावणाऱ्याचा जीव जातो. पेटी उघडून आतले जोड वेगळे करणारेही आहेत, पण आतल्या कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्टच्या आसपासचा डीसी प्लग काढल्यावरही काही काळ राहतो. २४ व्होल्टचा एकच सप्लाय घेणे हाच शहाणपणा.

सॉकेटचाही विचार हवा. ९१६ वॉट देताना सप्लाय भिंतीतून सुमारे १०४० वॉट घेतो. पॉवर फॅक्टर सुधारणारी, म्हणजे तेवढ्याच वॉटांसाठी भिंतीतून कमी करंट घेऊ देणारी यंत्रणा त्यात असेल तर करंट साडेचार-पावणेपाच अँपिअर होतो, नसेल तर सात-साडेसात. म्हणजे तो ६ अँपिअरच्या सॉकेटच्या बाहेर जातो. १६ अँपिअरचा सॉकेट वापरा आणि बारीक तारेचा एक्स्टेन्शन बोर्ड मध्ये आणू नका. सप्लाय आणि चार्जर मिळून सव्वादोनशे वॉटच्या वर उष्णता बाहेर टाकतात. विदर्भात मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये हवाच ४५ अंशांच्या पुढे असते आणि बहुतेक औद्योगिक सप्लायची क्षमता ५० अंशांच्या आसपास उतरू लागते. पंख्याच्या दोन्ही बाजूंना वीतभर जागा मोकळी सोडा.

जोडणीचा क्रम असा ठेवा: आधी सप्लाय आणि चार्जर एकमेकांना जोडा, मग भिंतीवरचे बटण चालू करा, बॅटरी सगळ्यात शेवटी. चालू सप्लायला चार्जर जोडला तर त्यातले कपॅसिटर एका क्षणात भरतात, कनेक्टरवर ठिणगी उडते आणि कधी सप्लायची सुरक्षा यंत्रणा त्याला बंदच करते. दोन बॅटऱ्या ड्रोनमध्ये सिरीजमध्ये असतील, तर चार्जरच्या दोन आउटपुटांना लावण्यापूर्वी त्या एकमेकींपासून पूर्ण सोडवा. तसेच जोडलेल्या राहिल्या तर एक बॅटरी चार्जरमधूनच शॉर्ट होऊ शकते. पूर्ण भार आल्यावर सप्लायच्या टर्मिनलवर मल्टिमीटरने व्होल्टेज मोजा आणि चार्जरच्या पडद्यावर दिसणाऱ्या इनपुट व्होल्टेजशी ताडून पाहा. फरक अर्ध्या व्होल्टच्या वर असेल तर कुठला तरी जोड सैल आहे किंवा तार बारीक आहे.

शेतावर वीज नसेल तर १ केव्हीएचा जनरेटर या भाराला पुरत नाही, २ केव्हीएचा इन्व्हर्टर जनरेटर लागतो. घरच्या इन्व्हर्टरच्या १२ व्होल्ट, १५० एएचच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये घेतल्या, तर त्यांची निम्मी साठवण वापरून ड्रोनच्या बॅटऱ्यांचे दोन संच चार्ज होतात; एका संचाला सुमारे ८०० वॉट-तास लागतात. बॅटरीच्या धन टोकाजवळच फ्यूज लावा. चार्जरची किमान इनपुट व्होल्टेजची मर्यादा २३ च्या आसपास ठेवा, म्हणजे त्या बॅटऱ्या तळापर्यंत रिकाम्या होणार नाहीत.

काही चार्जर बॅटरी डिस्चार्ज करताना ती ऊर्जा इनपुटकडे परत पाठवतात. इनपुटला लेड-ॲसिड बॅटरी असेल तर ती ही ऊर्जा साठवते. पॉवर सप्लायला ती घेता येत नाही. त्याच्या टर्मिनलवरचे व्होल्टेज चढत जाते आणि तो बंद पडतो किंवा बिघडतो. सप्लायवर काम करताना ही सेटिंग बंद ठेवा.